गणिताला दहा मुली

बुऱ्हाणपुरात तेव्हा दोन आवाज सगळ्या गावाला पाठ होते. एक गिरणीचा भोंगा आणि दुसरी रंभाबाई. भोंगा निदान सुट्टीच्या दिवशी गप्प बसायचा.

रंभाबाई मुलींच्या सरकारी हायस्कुलात बोलावणी बाई होती. बोलावणी बाई म्हणजे काय, असं विचारणारे लोक आता जन्माला आले आहेत, म्हणून सांगून टाकतो. त्या काळी मुलगी दप्तर उचलून आपली आपण शाळेला निघाली, असं घडत नसे. शाळेनं बाई धाडायची, बाईनं दारात उभं राहून हाक मारायची, मग मुलगी वेणीची रिबीन दातात धरून बाहेर यायची. तिला घेऊन पुढचं दार, तिथून त्याच्या पुढचं. असं करत करत शनवाऱ्याच्या वेशीपासून निघालेली रांग शाळेच्या फाटकात शिरायची तेव्हा तीस-पस्तीस पोरी झालेल्या असायच्या, आणि सगळ्यांच्या पुढं काळी छत्री खांद्यावर टाकून रंभाबाई. संध्याकाळी हीच रांग उलटी. एकही पोर कधी इकडची तिकडं झाली नाही. बारा वर्षं झाली होती या कामाला.

"चाल वं माय लवकर! घंटा काय तुह्यासाठी थांबीन का?" ही तिची हाक. ज्या घरची मुलगी आजारी असेल तिथं ती आत शिरून कपाळाला हात लावून खात्री करायची. निम्म्या मुली त्या हाताच्या धाकानंच बऱ्या व्हायच्या.

या बारा वर्षांत मुलींनी शिकायचं कशासाठी, याची उत्तरं किती वेळा बदलली ते शिक्षण खात्याला ठाऊक नसेल, रंभाबाईला ठाऊक होतं. कारण दारात उभं राहून ते उत्तर आईबापांना द्यायचं काम तिचंच. ती लागली तेव्हा सांगायची, पोरीला सासरहून पत्र लिहिता आलं पाहिजे. मग सांगायला लागली, मॅट्रिक झाली की स्थळ चांगलं येतं. स्वराज्य आलं तशा शाळेत टकळ्या आल्या, आणि दोन वर्षं सगळ्या पोरी सूत काढत बसल्या. तेव्हा रंभाबाई सांगायची, पोरगी आपल्या लुगड्याचं सूत आपण काढते हो! ते सूत इतकं गाठाळ निघायचं की त्याचं लुगडं सोडा, पिशवीचा बंदसुद्धा झाला नाही. मग नवं राज्य झालं, नागपूरची राजधानी भोपाळला गेली, शाळेत येणारे कागद हिंदीत यायला लागले. आणि अठ्ठावन्न सालच्या जुलैत एक असा कागद आला की शाळेच्या मोठ्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

मोठ्या बाई म्हणजे निर्मलाबाई, नागपूरच्या, सडसडीत, चष्मेवाल्या. त्यांनी रंभाबाईला बोलावून कागद वाचून दाखवला. आता नुसती मॅट्रिक नाही. आता देश उभा करायचा आहे, म्हणून नववीपासून विषयांचे गट. मुलींच्या शाळेला गृहविज्ञान दिलंच आहे. स्टोव्ह, पातेली, झारे सगळं स्टेशनवर येऊन पडलंय. पण ज्या शाळेत दहा मुली गणिताला मिळतील, तिथं गणिताचाही गट उघडता येईल. एकतीस जुलैपर्यंत, आणि दहा म्हणजे दहा. नऊ झाल्या तर गणिताची पेटी, फळ्यावरचा मोठा कंपास आणि शिक्षकाची जागा दुसऱ्या गावाला जाईल.

"आपल्याकडं आत्ता एकच आहे," निर्मलाबाई म्हणाल्या. "तुमची कोकिळा. हा तिचा अर्ज मी कालच भरून घेतला." आणि त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला.

कोकिळा रंभाबाईची एकुलती एक. आठवीत गणितात शंभरापैकी शंभर, आणि बाकीच्या विषयांत जेमतेम पास. घराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं उदाहरणं सोडवून सोडवून तिनं ती भिंत चुलीमागच्या भिंतीहून काळी केली होती. आई कामाला गेली की स्वयंपाक तिच्याचकडं, सातव्या वर्षापासून. कागदाची बातमी ऐकून ती एवढंच म्हणाली होती, "माय, गणित नसंन तर मी शाळा सोडते. भाकरी मले येते."

ही पोरगी बोलायची कमी आणि बोललेलं करायची. शाळा सोडली की पुढं काय, ते रंभाबाई रोज दारोदार बघत होती. पुढच्याच उन्हाळ्यात मांडव.

"दहा आनते," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "नई आनल्या तर नावाची रंभाबाई नई."

आता इथं तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

रंभाबाई आपल्या मुलीला मोजत नसे. मोजणं म्हणजे तोंडानं आकडा म्हणणं. "मला इतकी मुलं" असं नाही, "आम्ही घरात इतके" असंसुद्धा नाही. कोकिळेच्या आधी तिची दोन गेली होती, एक आठ महिन्यांचं, एक दीड वर्षाचं. जवळच्या जसोंडी खेड्यात राहायची तेव्हा. आणि दुसरं गेलं त्याच्या आदल्या आठवड्यात बाजारात कोणीतरी विचारलं होतं, किती लेकरं गं तुला? तेव्हा ती हसून म्हणाली होती, एक होतं तिकडं गेलं, एक हे. सासूनं ते ऐकलं. "पोटचं मोजलं," सासू म्हणाली, "दिठावलं ते, नजर लागली." ती सासू स्वतः अशी की आपल्या मुलाला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलेला, नाव उखर्डू, म्हणजे काळाला वाटावं हे कुणालाच नको असलेलं आहे. तो उखर्डू रंभाबाईचा नवरा. कोकिळा दोन वर्षांची असताना तापात गेला बिचारा, तेव्हा काळाला नावानं फसवता येत नाही हे रंभाबाईला कळायला हवं होतं. पण भीती अशी कळून जाते का? उलट ती दुप्पट झाली. मुलीला घरात ती धोंडी म्हणायची. कोकिळा हे नाव शाळेतल्या बाईंनी पटावर घातलेलं.

एक्कावन्न साली शिरगणतीवाला दारात आला तर हिनं सांगितलं, "मी हाय." तो म्हणाला, आणि? ही म्हणाली, "लिहा, मी." चुलीपाशी मुलगी दिसतेय, तो म्हणाला. "दिसते तर तुम्ही पाहा. मले काय विचारता?" अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यानं काय लिहिलं ते सरकारला माहीत.

तर अशी ही बाई दहा मुली मोजायला निघाली. पिशवीत कोरे अर्ज, शाईचा डबा, अंगठ्यासाठी चिंधी. आणि पायाला भिंगरी लागलेली.

पहिला बळी गिरधर. त्याच्याकडं चार हातमाग होते आणि एक भाऊ होता. ताण्याला किती धागे लागतील यावरून दोघांचं रोज वाजायचं. रंभाबाई मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाली, "गिरधरभाऊ, पोरीले गणित द्या. ती कागदावर मांडून दाखवीन, तुमचं बरोबर का भावाचं."

"आणि माझं चुकलेलं निघालं तर?"

"पोरगी कोनाची हाय? बापाचं चुकलेलं ती काढीन का?"

गिरधरनं माग थांबवून सही केली. भाऊ पलीकडून ओरडला की मीपण माझी मुलगी घालतो. पण त्याची मुलगी तीन वर्षांची होती.

जसोंडीचा कौतिक पाटील जरा भारी होता. त्याची मुलगी गावात मावशीकडं राहून शिकायची, पण होकार द्यायचा तो कौतिकनं. रंभाबाई बैलगाडीतून जसोंडीला गेली. चिखल इतका की शेवटचा फर्लांग चपला छत्रीच्या दांड्याला अडकवून चालली. कौतिक केळीच्या बागेत पिलं काढत होता, म्हणजे बुंध्याशी फुटलेले जास्तीचे कोंब. त्याचा शेजाऱ्याशी बांधावरून सात वर्षांचा तंटा होता, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत.

"पाटील, पटवारी जमिनीवर साखळी टाकते तवा तुमच्या बाजूनं कोन पाहते?"

"मी पाहतो."

"तुम्हाले समजते काय?"

कौतिकनं विळा खाली ठेवला. प्रामाणिक माणूस. "काईबी समजत नई," तो म्हणाला.

"पोरगी गणितात गेली की पटवाऱ्याच्या मागं उभी राहीन अन् म्हनीन, भाऊ, साखळी ढिली हाय."

कौतिकच्या डोळ्यांसमोर ते चित्र असं उभं राहिलं की तो बागेतच हसत सुटला. अंगठा दिला, वर केळाची एक फणी दिली. फक्त म्हणाला, दिवाळीपर्यंत तिला मोजता आलं पाहिजे. येईन, येईन, रंभाबाई म्हणाली. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली कोण उतरवतं?

चांदनी स्टेशनावर लोटू पॉइंट्समन होता, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा. त्याची मुलगी रोज पॅसेंजरनं यायची. रंभाबाईनं त्याला सांगितलं, "गणितात असं असते की दोन गाड्या समोरासमोर सुटल्या तर कुठं भेटतीन ते काढायचं."

लोटूच्या हातातली हिरवी झेंडी गळाली. "समोरासमोर? एकाच लाइनवर? कोणी सोडल्या?"

"कोनी नई सोडल्या, भाऊ, पुस्तकात हाय."

"पुस्तकात! अगं, पण लिहिणाऱ्याला कोणी विचारलं नाही?"

"म्हनूनच तर पोरीले शिकवा. कुठं भेटतीन ते आधी समजलं तर थांबवता येईन नं?"

लोटूनं पडलेली झेंडी उचलायच्या आधी सही केली. तो आठवडाभर प्रत्येक गाडी जाताना पाठोपाठ बघत राहायचा, असं स्टेशनमास्तर सांगत.

दत्तात्रय कचेरीत कारकून होते आणि त्यांना जुळ्या मुली. त्यांचा विचार ठरलेला होता. एकीला गणित, एकीला गृहविज्ञान, म्हणजे निदान ओळखू तरी येतील. "असं काहून करता भाऊ?" रंभाबाई म्हणाली. "पाहुना आला तर कोनती दाखवसान? शिकलेली का रांधनारी? अन् तो म्हनला, दुसरी पाहिजे, तर?" दत्तात्रयांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन्ही अर्ज एका दमात भरून दिले. आणि शनवाऱ्याच्या वेशीजवळच्या चार मैत्रिणी तर फुकटात आल्या, कारण एकीनं दप्तर उचललं की चौघी उचलणार, मग ते गणिताचं असो की गवत कापायचं.

रोज संध्याकाळी मोठ्या बाई विचारायच्या, "किती झाल्या?" रंभाबाई पिशवीतले अर्ज मोजून सांगायची. तीन. पाच. नऊ. घरी कोकिळा विचारायची, "माय, होते का गं?" त्यावर, "होते, होते. भाजी हलव."

तुमच्या ध्यानात आलंच असेल. नवांत कोकिळा नव्हती. तिचा अर्ज मोठ्या बाईंच्या खणात. मोठ्या बाईंना वाटलं, जी बाई बारा वर्षं पोरी मोजून आणते ती आपली मुलगी धरूनच आकडा सांगत असणार. आणि रंभाबाईच्या मनात तर कोकिळेला आकडा लागतच नव्हता. एवढी शिकलेली बाई आणि एवढी हुशार बाई, दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून नऊ नऊ म्हणत कपाळाला हात लावत होत्या. हसू येतं की नाही? मला तर येतं बुवा.

एकतीस तारीख उजाडली. दुपारी तीनला इंदूरकडून साहेब येणार होते, मोजायला. नऊच्या नऊ मुली आणि कोकिळा सकाळपासून शाळेत बसवून ठेवल्या होत्या. रंभाबाई मात्र बाहेर, दहाव्या मुलीच्या मागे.

उरला होता कडू हलवाई. नाव कडू आणि मावा-जिलबी अशी की माणसानं चार बोटं चाटून पाचवं चावावं. त्याची आशा आठवी पास झालेली. रंभाबाई कढईपुढं जाऊन उभी राहिली.

"कडूभाऊ, आशाले गणितात घाला."

"नको. गृहविज्ञानात घालतो. सरकारनं स्टोव्ह पाठवलेत म्हणे, पितळी. आपल्या घरी चूल आहे. सरकारी स्टोव्हवर हात बसला तर वाईट काय?"

"अहो, पन तिले जिलबी येते नं! जे येते ते शिकायले शाळेत काहून जायचं?"

कडू थांबला. हा मुद्दा त्याला लागला. झारा कढईच्या काठावर ठेवून तो विचार करायला लागला, आणि रंभाबाईला वाटलं, झालं, जमलं! तिनं अर्ज बाहेर काढला. शाईचा डबा उघडला. दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. कडूनं हात धोतराला पुसला, पुढं केला, आणि मग डोक्याला मारून घेतला.

"अरे देवा! विसरलोच की! आशाचं परवा ठरलं. खंडव्याचं स्थळ. मार्गशीर्षात लग्न." आणि आनंदानं त्याचं तोंड असं उजळलं की रंभाबाईला धड रागही येईना. "रंभाबाई, तोंड गोड कर! सगळ्यांत आधी तुझं!"

आणि त्यानं गरम जिलबी तिच्या हातावर ठेवली. रंभाबाईनं ती खाल्ली. दुसरी दिली, ती खाल्ली. तिसरी खाताना तिला रडू कोसळलं. पाक हनुवटीवर, आसवं गालावर, हातात कोरा अर्ज. कडूला वाटलं आशा जाणार म्हणून रडतेय, तोही रडायला लागला. मग गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारी रडायला लागली, तिला तर काहीच माहीत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी वेळ सांगितली. तीन वाजून गेले होते.

रंभाबाई पळाली. छत्री कडूकडंच राहिली. एवढी बाई भररस्त्यात पळताना बघून गिरधर मागावरून उठला, काय झालं, काय झालं म्हणत तिच्या मागं. दत्तात्रय कचेरीतून निघून आधीच शाळेत पोचले होते. लोटू सुट्टी काढून आला होता. आणि कौतिक पाटील तर सकाळपासून शाळेच्या फाटकात बैलगाडी सोडून बसला होता, फेट्यासकट.

आत साहेब आले होते. गोरेपान, घामाघूम, हिंदी बोलणारे, बगलेत फाइल. खोलीत मुली ओळीनं उभ्या. साहेबांनी फाइल उघडायच्या आतच कौतिक पुढं झाला. "साहेब, साखळी कवा शिकवनार? माहा बांध थांबला हाय."

"कौन सा बांध?"

"आणि गाड्यांचं आधी घ्या, साहेब," लोटू म्हणाला, "ते जास्त जोखमीचं आहे. कुठं भेटतात ते एकदा सांगून टाका, मी झेंडी घेऊन तिथंच उभा राहतो."

"ताण्याचं पण," मागून धापा टाकत गिरधर.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बहनजी, यह गणित की कक्षा है या कचहरी?" ते निर्मलाबाईंना म्हणाले. मग सरळ मुद्द्यावर आले. "संख्या?"

निर्मलाबाईंनी दाराकडं बघितलं. दारात रंभाबाई, एकटी, हनुवटीला पाक. तिनं मान हलवली, नाही. निर्मलाबाईंचा चेहरा उतरला. "नऊ," त्या म्हणाल्या.

"दस चाहिए थीं." साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी फाइल मिटायला घेतली. "खेद है. तो सबको गृहविज्ञान."

"दहा हाय," ओळीतून आवाज आला. कोकिळेचा. गणिताच्या बाबतीत चूक झाली की तिला गप्प बसवत नसे, मग समोर कोणी का असेना. "साहेब, दहा हाय. मी मोजल्या."

साहेबांनी पेन्सिलीचं टोक फिरवत मोजलं. परत मोजलं. "दस," ते म्हणाले, आणि निर्मलाबाईंकडं बघितलं. निर्मलाबाईंनी मुलींकडं बघितलं, मग एकदम खण ओढला, आतून अर्ज काढला आणि कपाळावर मारून घेतला. "रंभाबाई! तुम्ही कोकिळेला धरलंच नव्हतं?"

"तिले कशी धरू बाई?" रंभाबाई म्हणाली.

खोलीत एकदम हशा उसळला. नाचायचंच बाकी होतं. दत्तात्रयांनी दोन्ही जुळ्यांच्या पाठीवर एकदम थाप मारली. पंधरा दिवस गावभर जिवाचं रान केलं आणि दहावी घरात भाजी हलवत होती! पण साहेब हसेनात. सरकारी माणूस तो. एक म्हणते नऊ, एक म्हणते दहा, असं कसं चालेल? उद्या वरून कोणी विचारलं तर? मुलींची हजेरी कोण आणतं? बोलावणी बाई? मग तिनं सगळ्यांसमोर मोजावं, तोंडानं, मोठ्यानं, आणि ती म्हणेल तो आकडा ते लिहितील.

"गिनो, बाई."

रंभाबाई पुढं आली. ओळीच्या टोकाला कोकिळा उभी होती. रंभाबाई तिच्यावरून पुढं गेली आणि दुसऱ्या मुलीपासून सुरू झाली. गिरधरची एक, पाटलाची दोन, लोटूची तीन. बरोबर नवावर जाऊन थांबली.

"और यह?" साहेबांनी कोकिळेकडं बोट दाखवलं.

"ती माही हाय."

"आपकी है तो गिनती में नहीं?"

"तुम्हीच लिहून घ्या नं, साहेब. दिसते नं तुम्हाले? मी नई म्हनत."

"तो नौ लिखूँ?"

हशा कुठल्या कुठं गेला. कौतिक पाटलानं मान खाली घातली, त्याला माहीत होतं. जसोंडीत ती दोन लेकरं कोणी पुरली होती, तर कौतिकच्या बापानं. निर्मलाबाईंनी साहेबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं, उचललं, परत ठेवलं. त्यांना समजलं, पण रकाना कोराच होता, आणि रकान्याला कोणाची दया येत नाही.

रंभाबाई घामानं भिजली होती. तिनं एकदा कोकिळेकडं बघितलं आणि झटकन नजर काढली.

"माय," कोकिळा म्हणाली, "मोज."

"गप, धोंडे."

"चौदा वर्षांची झाली मी. मोजलं नई तर मी नवांत नई, अन् दहांतबी नई. मंग मी कुठी हाय?"

गणिताचा प्रश्न होता तो, आणि तो एकाच रीतीनं सुटणारा होता. तिनं डोळे मिटले. चाचपडत हात पुढं केला, तो कोकिळेच्या डोक्यावर पडला, तेल लावलेल्या भांगावर.

"एक," रंभाबाई म्हणाली.

कोकिळा शिंकली.

रंभाबाईनं अशी किंकाळी फोडली की बाहेर कौतिकचे बैल उभे राहिले. "सर्दी हाय माय! सकाळपासून हाय!" कोकिळा हसत ओरडत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिच्या मागं सगळ्या पोरी हसत सुटल्या, एकीच्या अंगावर एक पडत. रंभाबाईनं तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. गाल दाबून बघितला, दंड दाबून बघितला. पोरगी उभी होती तशी उभी होती, दोन पायांवर, नाक ओढत.

मग रंभाबाईनं मोजलं. दोन, तीन, चार, पुढं पुढं जात, आवाज चढत गेला, सहा, सात, आठवीपाशी तर तिची ती शनवाऱ्याची हाकच बाहेर पडली, आणि दहा म्हणाली तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई दार उघडून बघायला आल्या. साहेबांनी लिहिलं, दस. खाली सही केली, शिक्का मारला. लोटू सगळ्यांना विचारत होता, आता गाड्यांचं पहिल्याच दिवशी घेतील का? निर्मलाबाईंनी चष्मा काढून पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि मग तोच ओला पदर चष्म्याला लावला, त्यामुळं त्यांना काहीच दिसेना.

रंभाबाई मात्र परत ओळीच्या टोकाला आली होती. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणत होती, "एक." हात उचलायची, जरा बघायची, काही होतंय का, आणि परत ठेवायची. "एक." परत. "एक." तिला थांबवता येईना, आणि तिला थांबायचंही नव्हतं. चौदा वर्षांचं तोंडात धरून ठेवलेलं होतं ते. कोकिळाही मान पुढं करून उभी होती, हसत, नाक पुसत.

साहेबांनी फाइल बगलेत मारली, टोपी घातली आणि जाता जाता थांबले. सरकारी माणसाचा जीव, उगीच गोंधळ नको म्हणून. "बाई," ते म्हणाले, "यह तो एक ही लड़की है।"

"हाव साहेब," रंभाबाई म्हणाली. "एकच हाय."